वादळानंतर घर, विहीर आणि वाडी सावरताना

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरजवळ जमिनीवर आलेले निसर्ग, मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातकडे गेलेले तौक्ते. कोकणात नव्याने घर-वाडी घेतलेल्यांनी किंवा मुंबईहून गावी राहायला आलेल्यांनी ही तीन नावे लक्षात ठेवावीत. वादळ पुन्हा येणार हे धरून चालायचे. वारा थांबला की चहूकडे एवढे पडलेले असते की हात कुठे घालावा तेच कळत नाही, आणि नेमकी तिथे चूक होते. अंगण झाडण्यात दोन दिवस जातात, तोवर उन्मळलेल्या कलमांची मुळे वाळतात. दुसरीकडे, चार महिन्यांनी फुटला असता असा माड घाईने तोडला जातो. कोणते काम आज, कोणते आठवड्यात आणि कोणते पाऊस सरल्यावर, हा क्रम सांभाळला तर बरेच वाचते.

वादळ केव्हा आले यावरही क्रम बदलतो. जूनमध्ये आले तर पाठोपाठ पाऊस असतो. मुळांना ओल मिळते, पण घर भिजत राहते, म्हणून आधी छप्पर. मे महिन्यात आले तर दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडते. मग एक माणूस छपरावर आणि एक माणूस वाडीत ओली गोणपाटे घेऊन, अशी दोन्हीकडे एकाच वेळी धावपळ करावी लागते.

पहिले काही तास

बाहेर पडण्याआधी मीटरजवळचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन बंद असला तरी इन्व्हर्टरची वायर चालू असते. वाडीत पडलेली तार ‘मेलेली’ आहे असे कधीही धरू नका. गावात वीज नसली तरी कोणाचा तरी जनरेटर उलटा वीजप्रवाह लाइनमध्ये सोडत असू शकतो. तार दिसली की लांब थांबा, मुलांना आणि गुरांना दूर ठेवा, महावितरणला १९१२ वर कळवा. तुमच्याकडे जनरेटर असेल तर तो चेंजओव्हर स्विचशिवाय घराच्या वायरिंगला जोडू नका, त्याने खांबावर चढलेला वायरमन मरतो. जनरेटर पडवीत किंवा बंद खोलीतही लावायचा नाही. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

पायात गमबूट, हातात जाड हातमोजे आणि एक काठी. फुटक्या कौलांचे ढीग, ओला पातेरा, पडलेला गडगा (दगडी कुंपण), या जागा फुरशाच्या आवडीच्या. हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. साप चावला तर कापणे, चोखणे, दोरीने आवळणे यांपैकी काही करू नका. अवयव हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

मग फोटो. काहीही हलवायच्या आधी घराचे चारही बाजूंनी फोटो, आतून छपराचे, आणि वाडीत प्रत्येक पडलेल्या झाडाचा एक, ज्यात मागे घर, विहीर किंवा गडगा अशी ओळखीची खूण येईल. झाडे जातीनुसार मोजून वहीत लिहा: माड इतके उन्मळले, इतके शेंड्यातून मोडले, पोफळी (सुपारीची झाडे) इतक्या. हा आकडा महत्त्वाचा आहे. निसर्गनंतर शासनाने माड-पोफळीची मदत हेक्टरऐवजी झाडामागे द्यायचे ठरवले, कारण आमच्याकडे पाच-दहा गुंठ्यांत शंभर पोफळी उभ्या असतात आणि हेक्टरच्या हिशेबाने त्यांचे मोल शून्यावर येते. दर प्रत्येक वेळी नव्या शासन निर्णयाने ठरतात, पण पंचनाम्यात झाडांची संख्या नसेल तर दर कितीही असो, उपयोग नाही.

पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात. सातबारा, ८अ (खात्याचा उतारा), घरपट्टीची पावती, आधार आणि बँक पासबुक यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवा. कोकणातली खरी अडचण पुढे येते. सातबारावर वीस नावे, त्यातली निम्मी माणसे मुंबईत, काही हयात नाहीत. मदत एका खात्यावर जमा व्हायची तर बाकीच्यांचे संमतीपत्र लागते. हे काम वादळानंतर आठवडाभरात फोनाफोनी करून मार्गी लावा, नाहीतर पंचनामा होऊनही पैसे अडकतात. सातबारावर पीक म्हणून ‘माड’, ‘पोफळ’ किंवा ‘आंबा’ नोंदलेले आहे का, तेही याच वेळी पाहून घ्या. घराचा किंवा फळपिकाचा विमा असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवा. पिकाच्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते.

छप्पर

छपरावर चढण्याआधी माळ्यावरून विजेरी मारून आतून पाहा. आढे सरळ आहे का, वासे भिंतीवरून सरकलेत का, कुठला वासा चिरफळलाय का. चिऱ्याच्या भिंतीला ओळंबा लावा. मातीत बांधलेली जुनी भिंत भिजली आणि बाहेर झुकली असेल तर आधी टेकू, मग छप्पर. घरावर झाड पडले असेल तर ते ओढून काढू नका. ओढताना उरलेली कौले आणि वासे सोबत येतात. वरून फांद्या हलक्या करत, खोडाचे तुकडे करून दोरीने खाली सोडा.

ताडपत्री टाकताना एकच नियम: ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर किमान तीन फूट गेली पाहिजे. फक्त भोकावर टाकलेल्या ताडपत्रीच्या वरच्या कडेखालून पाणी शिरते. कडा लाकडी रिपेला दोन वेढे गुंडाळून ती रीप वाशांवर ठोका. नुसते खिळे मारले तर पहिल्या वाऱ्यात भोके फाटतात. दगड किंवा टायर ठेवू नका, पुढच्या झोतात तेच खाली येतात.

मंगलोरी कौलांचे घर असेल तर जुने अखंड कौल नमुना म्हणून बरोबर घेऊन कौले आणायला जा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांचे खाचे थोडे वेगळे असतात. दिसायला सारखी, पण बसवताना एकमेकांत अडकत नाहीत आणि पाऊस आत येतो. चौरस मीटरला साधारण १५-१६ कौले लागतात, शिवाय दहा टक्के जादा घ्या. नमुना जुळत नसेल तर घरातली सगळी जुनी अखंड कौले गोळा करून एका उतारावर लावा आणि नवी दुसऱ्या उतारावर. मिसळ करण्यापेक्षा हे कितीतरी बरे. वाऱ्याने कौले उचलली जातात ती पागोळीच्या ओळीपासून आणि कोपऱ्यांतून. म्हणून खालच्या दोन ओळी आणि कडेची रांग जस्ताच्या तारेने रिपेला बांधून घ्या. कौलाच्या मागे तारेसाठी भोक असते, बहुतेक गवंडी ते वापरतच नाहीत, तुम्ही आग्रह धरा. आढ्यावरचे कोने चुन्या-सिमेंटच्या मालात पक्के बसवा.

पत्र्याचे छप्पर उडते ते जवळजवळ नेहमी जोडणीमुळे. जे-हूक किंवा स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथून वाहते. खाली रबरी वॉशर हवा. मधल्या भागात एक सोडून एक उंचवटा चालतो, पण पागोळी, आढे आणि दोन्ही कडांना प्रत्येक उंचवट्यावर जोडणी करा. दोन पत्र्यांचा वरखाली जोड किमान १५ सेंटिमीटर ठेवा. पत्रे लावायला सुरुवात वाऱ्याच्या उलट बाजूने करावी. आमच्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तेव्हा जोडाची उघडी कड पूर्वेकडे राहिली पाहिजे, म्हणजे वारा तिच्याखाली शिरत नाही. आणखी एक गोष्ट, जी दुरुस्तीच्या वेळीच करता येते: पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे करा. पडवी खालून उघडी असते, वारा तिला आधी उचलतो, आणि वासे सलग असतील तर ती ओटी-माजघराचे छप्परही घेऊन जाते. पागोळी दीड फुटापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

वायरिंग भिजले असेल तर वीज आल्यावर लगेच मेन चालू करू नका. सगळे एमसीबी खाली, मग एकेक वर. जो पडतो ती लाइन बंदच ठेवून वायरमनला दाखवा. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) नसेल तर हीच वेळ आहे बसवून घ्यायची. पाण्यात बुडालेला पंप वाळवून, इन्सुलेशन तपासून मगच चालू करायचा, नाहीतर वाइंडिंग जळते.

विहीर

विहिरीत पातेरा, फांद्या, कधी मेलेले पक्षी पडलेले असतात. आधी जाळीने वरचे सगळे काढा. पाणी उपसायचे तर थोडे थोडे उपसा. पावसाने जमीन भिजलेली असताना जुनी चिऱ्याची विहीर एकदम रिकामी केली तर बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबाने बांधणी आत येते. समुद्राचे पाणी शिरून विहीर खारट झाली असेल तरी हेच. रोज थोडे उपसा, पावसाचे गोडे पाणी झिरपू द्या.

मग ब्लीचिंग पावडर. पाणी किती ते असे काढा: विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळे मीटरमध्ये) गुणिले ०.७८५ म्हणजे घनमीटर, आणि त्याला हजाराने गुणले की लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. नेहमीचे प्रमाण हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. वादळानंतर पाणी गढूळ आणि घाण झालेले असते, तेव्हा पहिल्यांदा दुप्पट घ्या. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटे निवळू द्या, चुन्याचा साका बादलीतच ठेवून वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली विहिरीत खाली सोडून वरखाली हलवा. हे काम संध्याकाळी केले तर रात्रभर पाणी मुरते. पावडर बंद पिशवीतलीच हवी. आमच्या दमट हवेत उघडी राहिलेली पावडर गठ्ठे होऊन निकामी होते, वास आला तरी जोर उरलेला नसतो. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात ओटी टेस्टचे औषध असते, त्याने पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते दोन मिनिटांत कळते. तोवर प्यायचे पाणी उकळूनच.

साचलेल्या पाण्यात अनवाणी काम करू नका. पायाला जखम असेल तर अजिबात नको. लेप्टो (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) कोकणात आहेच, आणि काम झाल्यावर ताप, अंगदुखी, डोळे लाल अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, चिखलात काम केल्याचे त्यांना सांगा.

पडलेली झाडे तोडताना

खोड दोन टोकांना टेकले असून मध्ये अधांतरी असेल तर त्याची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. आधी वरून एक तृतीयांश काप, मग खालून वर. एकच टोक अधांतरी असेल तर उलट: आधी खालून, मग वरून. उलटे केले तर पाते अडकते किंवा खोड फाटून अंगावर येते. उन्मळलेल्या मोठ्या झाडाचे खोड कापले की मुळांचा गड्डा झटक्यात खड्ड्यात परत उभा राहतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कोणी उभे नाही ना, हे दर वेळी पाहा. काजूच्या चिकाने कातडी भाजते, अंगभर कपडे घाला.

आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. वादळाने पाडलेले असले तरी लाकूड गाडीत भरण्याआधी वनखात्याला विचारा.

आंबा-काजूची कलमे

इथे दिवस मोजके असतात. एक बाजूची मुळे जमिनीत असलेले, आठ-दहा वर्षांपर्यंतचे कलम उभे करता येते, पण मुळे ओली असेपर्यंतच. पहिल्याच दिवशी उघड्या मुळांवर ओली गोणपाटे टाका आणि ती ओली ठेवा. मग असे:

१. पसारा निम्मा छाटा. मुळे निम्मी गेलीत, ती सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. हे न केल्यामुळे उभी केलेली कलमे पंधरवड्यात सुकतात.

२. फाटलेली मुळे करवतीने स्वच्छ कापा, कापावर बोर्डो पेस्ट लावा.

३. खड्ड्यात पडलेली सगळी माती बाहेर काढा. ही पायरी सगळेच टाळतात. माती आत ठेवून झाड ओढले तर मुळे त्या ढिगावर टेकतात, खाली पोकळी राहते आणि झाड पुढच्या वाऱ्यात पुन्हा आडवे होते.

४. पहिल्या दुबेळक्याखाली (खोडाला फांद्या फुटतात तिथे) गोणपाट गुंडाळून त्यावर रुंद पट्टा बांधा, चेन पुली दुसऱ्या भक्कम झाडाला अडकवा आणि सावकाश ओढा. जमिनीतल्या बाजूची मुळे कडकड वाजू लागली की थांबा. थोडे तिरके राहिले तरी चालते.

५. शेणखत मिसळलेली माती थराथराने भरून पायाने दाबा. १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड कालवून मुळांभोवती ओता.

६. तीन बाजूंनी ताण द्या. दोरी खोडाला लागते तिथे जुनी सायकलची ट्यूब घाला. हे ताण किमान वर्षभर ठेवायचे आणि दर दोन महिन्यांनी खोडाला रुतत नाहीत ना ते पाहायचे.

बोर्डो पेस्ट घरी होते: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत. लोखंडी भांडे नको. दोन्ही थंड झाल्यावर तिसऱ्या भांड्यात एकदम ओतत ढवळा. लोखंडी सुरी बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा. हेच प्रमाण १०० लिटर पाण्यात केले की एक टक्क्याचे फवारणीचे मिश्रण होते.

पंधरा-वीस वर्षांचे मोठे कलम ओढून उभे करण्याच्या भानगडीत पडू नका. काही मुळे जमिनीत असतील तर ते आडवेच राहू द्या. मोडक्या फांद्या काढा, उघड्या मुळांवर माती ओढा, उन्हाकडच्या खोडाला चुना लावा. त्यावर सरळ वर फुटवे येतात. फुटवे कलमाच्या सांध्याच्या वरचे असतील तर हापूसच आहे. खालचे असतील तर तो रायवळ खुंट, त्यावर पुढच्या पावसात हापूसची काडी बांधता येते. जखमी आंब्याकडे खोडकिडा येतो. बुंध्याशी भुसा दिसला की तारेच्या हुकाने अळी काढा आणि औषधासाठी कृषी सहायकाला विचारा. त्या वर्षी कल्टार (मोहोर आणणारे औषध) देऊ नका. अशक्त झाडाला जबरदस्तीने मोहोर आणला तर ते सावरत नाही.

मुळासकट न पडता मोडलेला काजू बुंध्यापासून छान फुटतो. काप तिरका करा, पेस्ट लावा, फुटव्यांपैकी तीन-चार जोमदार ठेवा.

माड आणि पोफळ

माडाला वाढीचा कोंब एकच. शेंडा मोडून पडला असेल तर झाड गेले, वाट पाहण्यात अर्थ नाही. पण शेंडा नुसता पिळवटलेला असेल, झावळ्या लोंबत असतील, तर हात लावू नका. मोडून सुकलेल्या झावळ्या तेवढ्या काढा. वाकलेल्या हिरव्या झावळ्या अजून झाडाला अन्न देतात, पाडेल्याला तसे बजावून सांगा, कारण तो सवयीने शेंडा साफ करून टाकतो. तिरका झालेला पण मुळे धरून असलेला माड तसाच राहू द्या, शेंडा आपोआप वर वळतो.

खरा धोका पावसात कोंब कुजण्याचा. मधली सुरळी (न उलगडलेले कोवळे पान) पिवळी पडली, ओढताच हातात आली आणि घाण वास आला तर कुजलेला भाग खरवडून काढा, बोर्डो पेस्ट भरा आणि वर पाणी शिरणार नाही असे झाका. शेजारच्या माडांच्या शेंड्यात एक टक्का बोर्डो फवारा. जखमेच्या वासावर सोंड्या भुंगाही येतो. वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यात तीन डांबरगोळ्या ठेवून वर बारीक वाळू टाका, दर दीड महिन्याने नव्या. पडलेले माडाचे ओंडके वाडीत कुजत ठेवू नका. गेंड्या भुंगा त्यातच वाढतो आणि उरलेल्या माडांचे शेंडे खातो. दोन-तीन महिन्यांत ते चिरून वाशांना, सरपणाला किंवा विकायला काढा.

वाचलेल्या माडाचे उत्पन्न दोन-तीन वर्षे कमी येते. पोय (माडाचा फुलोरा) बाहेर पडण्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ ती आत तयार होत असते, तेव्हा आजचा मार पुढच्या पोयींवर दिसतो. दर वर्षी पावसाच्या सुरुवातीला झाडाला ५० किलो शेणखत द्या आणि धीर धरा.

पोफळ मोडली की संपली. दुसऱ्या झाडाखाली दबून धनुष्यासारखी वाकलेली पोफळ मात्र लगेच मोकळी करून बांबूला बांधली तर वाचते. उभ्या राहिलेल्यांची अडचण वेगळी असते. माडांची सावली गेल्यावर दुपारचे ऊन थेट खोडावर येते, नैर्ऋत्य बाजूची साल भाजते, चिरते आणि दोन-चार वर्षांनी खोड तिथूनच मोडते. त्या बाजूला झावळ्या किंवा पोफळीचीच सुकी पाने बांधा, नाहीतर चुना लावा, आणि पश्चिमेकडे केळी लावून टाका. केळीची सावली सर्वांत लवकर मिळते. जायफळालाही तेच. सावली हरवलेल्या रोपावर ५० टक्क्यांचे शेडनेट किंवा झाप उभारा. मिरीचे वेल आधाराच्या झाडासह पडले असतील तर दोन-तीन पेऱ्यांच्या काड्या काढून पिशव्यांत लावा. कोळे रोगासाठी (यात सुपाऱ्या कुजून गळतात) पोफळीच्या घोसांवर बोर्डोची फवारणी उघडीप पाहून उरका, आणि ४०-४५ दिवसांनी पुन्हा.

रोपांची घाई करू नका. वादळानंतरच्या पहिल्या पावसात सगळा तालुका रोपे मागतो आणि कुठलीही रोपे ‘बाणवली’ माड किंवा ‘श्रीवर्धनी’ पोफळ म्हणून विकली जातात. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र, श्रीवर्धनचे सुपारी संशोधन केंद्र किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत नाव नोंदवून ठेवा. तोपर्यंत खड्डे मारा: माडाला एक मीटर लांब-रुंद-खोल, दोन माडांत साडेसात मीटर; पोफळीला ६० सेंटिमीटरचा, २.७ मीटर अंतरावर. समुद्राकडच्या गडग्याला लागून सुरू आणि उंडी ही वारा अडवणारी झाडे दोन-तीन ओळींत, एकाआड एक अशी लावा. ती रोपे मात्र याच पावसात लावली तरी चालतात. पिळवटलेल्या माडांपैकी कोणते तोडायचे ते गणपती झाल्यावर, नवी सुरळी हिरवी आली की नाही ते पाहून ठरवा.